दातेरी पाना : घ्यावा की न घ्यावा?

हाताच्या कसबावर पोट भरणाऱ्या धंद्यांमध्ये गॅरेजचा धंदा आजही पुढे आहे. पुण्यात नाना पेठ, भवानी पेठ, कॅम्प, कोंढवा, हडपसर या भागांत दुचाकी, रिक्षा, टेम्पो दुरुस्त करणारे कारागीर मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांत आपले तरुणही पुष्कळ आहेत. शाळा सुटली की उस्तादाच्या हाताखाली चार-पाच वर्षे काढायची, हात बसला की थोडी पुंजी जमवून स्वतःचे दुकान टाकायचे, असा हा नेहमीचा मार्ग आहे. या मार्गावर जागेच्या भाड्यानंतरचा पहिला मोठा खर्च येतो तो हत्यारांचा. त्यामुळे कोणता पाना घ्यावा हा प्रश्न वरून किरकोळ दिसला तरी त्यात नव्या दुकानदाराचे भांडवल अडकलेले असते.

फिक्स पाना आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. दोन्ही बाजूंना उघडे तोंड, एका बाजूला १२ तर दुसऱ्या बाजूला १३, आणि तोंडाच्या आतली बाजू गुळगुळीत. आता मात्र तोंडाच्या आत बारीक दाते किंवा खाचा पाडलेले पानेही मिळतात. अमेरिकेतील स्नॅप-ऑन या १९२० साली सुरू झालेल्या कंपनीचे 'फ्लँक ड्राइव्ह प्लस' पाने या जातीचे आहेत. जर्मनीच्या वेरा कंपनीच्या 'जोकर' पान्यात तोंडाच्या आत कठीण दात्यांची पट्टी बसवलेली असते. त्यांच्या पाठोपाठ याच घडणीची स्वस्त नक्कलही बाजारात आली आहे. विकणारा सांगतो की हा पाना नटावरून घसरत नाही, गोल झालेला नटही यानेच निघतो, तेव्हा जुना सेट बाजूला ठेवा आणि हा घ्या.

यात खरे किती आणि दुकानदारीचे बोलणे किती, हे तपासून पाहिले पाहिजे. आमचे मत प्रथमच सांगून टाकतो. दातेरी पाना ही खोटी वस्तू नाही, त्याचे काम आहे. पण त्याचा पूर्ण सेट घेणे बहुतेक गॅरेजवाल्यांना परवडणारे नाही आणि त्याची गरजही नाही. चांगल्या पोलादाचे एक-दोन नग, तेही बाकीची हत्यारे पूर्ण झाल्यावर घ्यावेत. स्वस्तातला दातेरी पाना तर घेऊच नये. असे का, ते पुढे पाहू.

नट गोल का होतो?

नटाला सहा बाजू आणि सहा कोपरे असतात. फिक्स पाना लावून जोर दिला की तो सहाही कोपऱ्यांना धरत नाही, समोरासमोरच्या दोन बाजूंवर, तेही कोपऱ्याजवळच टेकतो. समजा १३ चा नट आहे. त्याच्या एका बाजूची लांबी साडेसात मिलीमीटर असते. हाताएवढ्या म्हणजे १५० मिलीमीटर लांबीच्या पान्यावर कारागिराने २५ किलोचा जोर लावला, तर नटाच्या त्या दोन कोपऱ्यांवर प्रत्येकी सुमारे ५०० किलोचा दाब येतो. अर्धा टन वजन सुईच्या टोकासारख्या जागेवर आले तर कोपरा चेपणारच.

रिंग पाना नटाला चारी बाजूंनी धरतो. त्यात हाच जोर सहा ठिकाणी वाटला जातो आणि प्रत्येक जागेवरचा दाब सुमारे एक तृतीयांशावर येतो. शिवाय रिंगचे तोंड बंद असल्यामुळे ते फाकत नाही. फिक्स पान्याचे तोंड मात्र उघडे असल्याने जोर आला की थोडे फाकते, फाकले की नटावर आणखी तिरके बसते, आणि तिरके बसले की कोपऱ्यावरचा ताण वाढतो. जाम नटाला कधीही फिक्स पाना लावू नये असे जुने उस्ताद शागीर्दाला का सांगत, त्याचे कारण हे आहे.

दुसरे कारण मापाच्या गोंधळाचे आहे. आपल्या देशात मेट्रिक पद्धती १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. त्याआधीची आणि परदेशातून आलेली पुष्कळ यंत्रे इंची मापाची होती आणि त्यातली काही अजून चालू आहेत. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलीमीटर. त्या नटावर १३ चा पाना बसतो, पण ०.३ मिलीमीटरची फट राहते. एवढ्याशा फटीने पाना नटावर दोन अंशांहून अधिक फिरून मगच पकड घेतो आणि तीही थेट कोपऱ्यावर. याउलट पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलीमीटर, तिथे १९ चा पाना जवळजवळ नेमका बसतो. म्हणजे एका ठिकाणी जे चालते ते दुसऱ्या ठिकाणी नट खराब करते.

मेट्रिक मापातही एकवाक्यता नाही. ८ मिलीमीटरच्या बोल्टचे डोके जर्मन पद्धतीत १३ चे, तर जपानी पद्धतीच्या मोटारसायकलींवर १२ चे असते. १० मिलीमीटरच्या बोल्टला जुन्या जर्मन मापाने १७, नव्या आंतरराष्ट्रीय मापाने १६ आणि जपानी मापाने १४ चा पाना लागतो. पुण्याच्या गॅरेजमध्ये एकाच दिवशी जुनी बजाज स्कूटर, जपानी तंत्राची मोटारसायकल आणि टाटाचा टेम्पो येतो. जवळचा पाना सापडला नाही की मुलगा एक नंबर मोठा पाना लावतो आणि नट गोल करून ठेवतो. हा दोष पान्याच्या तोंडाचा नसून पेटीतल्या अपुऱ्या सेटचा आणि घाईचा आहे. दातेरी पाना घेऊन तो दूर होत नाही.

दाते काय करतात?

आता दात्यांचे काम पाहू. दातेरी पान्यात दोन युक्त्या असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिली युक्ती म्हणजे पान्याचा टेका कोपऱ्यावरून थोडा आत, बाजूच्या सपाट भागावर आणणे. कोपऱ्याचे लोखंड पातळ, आतले भरीव असल्यामुळे नट सहसा चेपत नाही. दुसरी युक्ती म्हणजे दात्याने त्या सपाट भागात किंचित रुतून बसणे, जेणेकरून पाना सरकू नये.

या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ज्याचे कोपरे थोडे झिजले आहेत अशा नटावर गुळगुळीत पाना सटकतो तिथे चांगला दातेरी पाना धरतो. कुठल्याही जाणकार कारागिराने एकदा वापरून पाहिला तर तो हे नाकारणार नाही. नट पूर्ण गोल झालेला असेल तर मात्र दातेही हतबल होतात. तिथे छिन्नी, ग्रिप पक्कड किंवा वर दुसरा नट वेल्ड करून काढणे हेच उपाय उरतात.

पण या युक्तीची एक किंमत आहे आणि ती विकणारा सांगत नाही. टेका कोपऱ्यावरून जितका आत आणावा, तितका तेवढ्याच कामाला जास्त दाब लागतो. वरच्या उदाहरणात साडेसात मिलीमीटरऐवजी टेक्यांमधले अंतर पाच मिलीमीटर झाले, तर ५०० किलोचा दाब ७५० किलो होतो. दाता रुततो तो या वाढलेल्या दाबामुळेच. आणि नटावर जेवढा दाब, तेवढाच उलटा दाब पान्याच्या जबड्यावर. तो जबड्याला फाकवतो आणि दात्यांना झिजवतो. म्हणून दातेरी पान्याला साध्या पान्यापेक्षा जास्त चिवट पोलाद आणि जाड जबडा लागतो.

सगळा प्रश्न पोलादाचा

येथेच या विषयाचे मर्म आहे. नेहमीच्या ८.८ दर्जाच्या बोल्टची कठीणता रॉकवेल सी मापाने २२ ते ३२ असते. नटात रुतायचे तर पान्याचा दाता त्याहून बराच कठीण पाहिजे, आणि जबडा तडकू नये म्हणून पोलाद चिवटही पाहिजे. या दोन गोष्टी एकत्र मिळतात त्या चांगल्या क्रोम-व्हॅनेडियम पोलादाने, बरोबर घडाईने आणि भट्टीत नीट पाणी दिल्याने. खर्च त्या कामाला येतो. दाते पाडणे हा त्यातला सर्वात सोपा भाग आहे.

स्वस्त नक्कल करणारा नेमका तो सोपा भाग करतो आणि अवघड भाग सोडून देतो. मऊ लोखंडावर दाते पाडून वर चकचकीत क्रोमचा मुलामा दिला की दुकानात तो पाना परदेशी पान्यासारखाच दिसतो. पण चार-सहा जाम नट काढले की दात्यांची टोके बसतात, जबडा फाकतो आणि पान्याचे तोंड साध्या पान्यापेक्षाही ढिले होते. ग्राहकाला वाटते की आपण नवी युक्ती घेतली. प्रत्यक्षात पैसे जास्त मोजून त्याने वाईट फिक्स पाना घेतलेला असतो.

याच्या उलट, चांगल्या पोलादाचा, मापाला नेमका असलेला साधा गुळगुळीत पाना बऱ्या नटावरून सहसा घसरत नाही. मग पोलाद चांगले असेल तर रोजच्या कामात दात्यांची गरज थोडी, आणि पोलाद वाईट असेल तर दाते असूनही उपयोग नाही. हा हिशेब नीट समजून घेतला तर निम्मा प्रश्न सुटतो.

राहिली उत्तम परदेशी पान्यांची गोष्ट. त्यांच्या कामाबद्दल वाद नाही. परंतु अशा एका पान्याच्या किमतीत आपल्याकडचा चांगला आठ नगांचा सेट, म्हणजे ६-७ पासून २०-२२ पर्यंतचा, घरी येतो आणि वर पैसे उरतात. अमेरिकेत हत्यारांच्या गाड्या गॅरेजच्या दारापर्यंत येतात, मेकॅनिक स्वतःची हत्यारे हप्त्याने घेतो आणि त्याची मजुरीही त्या हिशेबाची असते. आपल्याकडे पंक्चर काढून आणि क्लच वायर बदलून दिवस काढणाऱ्याने त्या पंक्तीला जाऊन बसण्यात शहाणपण नाही.

कुठे खरा उपयोग?

तरीही काही जागा अशा आहेत जिथे रिंग किंवा गोटी चढतच नाही आणि फिक्स पान्याशिवाय इलाज नसतो. चारचाकीच्या स्टिअरिंगच्या टाय रॉडचा चेक नट पाहा. त्याच्या दोन्ही बाजूंनी रॉड जातो, वरून रिंग घालायला वाटच नाही. रस्त्याच्या चिखलाने तो गंजलेला असतो आणि सोडवायला जोरही भरपूर लागतो. जे.सी.बी. आणि इतर हायड्रॉलिक यंत्रांच्या नळ्यांचे मोठे लोखंडी नट, कारखान्यातील लांब टाय बोल्टचे चेक नट हेही त्याच जातीचे. अशा कामात साधा पाना सटकला तर नट जातोच, शिवाय कारागिराची बोटे चॅसिसवर आदळतात. येथे चांगला दातेरी पाना पैसे वसूल करून देतो. ज्याचा धंदाच ट्रक, बस, हायड्रॉलिक यंत्रे किंवा भोसरीच्या कारखान्यांतील दुरुस्तीचा आहे, त्याने आपल्या कामात वारंवार येणाऱ्या दोन मापांचे असे पाने जरूर बाळगावेत.

ब्रेकच्या आणि डिझेलच्या पाईपांचे नट मात्र यात धरू नयेत. ते नट मऊ असतात आणि दात्यांनी लवकर खराब होतात. त्यांच्यासाठी वेगळा पाना मिळतो. तो दिसायला रिंग पान्यासारखा असतो, पण पाईप आत जाण्यापुरती एका बाजूने खाच ठेवलेली असते. तो पाच कोपऱ्यांना धरतो, चावत नाही. ब्रेकचे काम करणाऱ्या प्रत्येकाने दातेरी पान्याच्या आधी हा पाना घ्यावा, कारण ब्रेकचा नट हा माणसाच्या जिवाशी जोडलेला असतो.

कुठे लावू नये?

दाता रुतला की खूण राहते. नव्या मोटारसायकलच्या क्रोमच्या बोल्टवर, पितळी आणि ॲल्युमिनियमच्या भागांवर दातेरी पाना लावणे म्हणजे ग्राहकाच्या गाडीचे नुकसान करणे होय. साध्या लोखंडी नटावरही जस्ताचा मुलामा असतो. दात्याने तो फुटला की पुण्याच्या एका पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो. आज आपण सहज काढलेला नट पुढच्या वर्षी जाम होऊन दुसऱ्या कुणाच्या, कदाचित आपल्याच, हाती येतो. ग्राहक गाडी आपल्याकडे सोडून जातो तेव्हा ती अमानत असते. ती काम होऊन परत गेली पाहिजे, चावे घेऊन नव्हे. म्हणून दातेरी पान्याने काढलेला नट शक्यतो बदलून नवा टाकावा आणि त्याचे दोन-चार रुपये ग्राहकाला सांगून बिलात घ्यावेत. याला कोणी ना म्हणत नाही.

आणखी एक धोका सवयीचा आहे. दातेरी पाना हाती आला की मुलगा प्रत्येक नटाला तोच लावू लागतो. गंज सोडवणारे तेल टाकून थोडे थांबणे, वरून हलके ठोके देणे, तारेच्या ब्रशने आटे साफ करणे, आधी रिंग किंवा गोटी लावून पाहणे या गोष्टी तो विसरतो. हत्यार कितीही चांगले असले तरी कसब त्याच्या जागी येऊ शकत नाही.

आधी काय घ्यावे?

नवे दुकान टाकणाऱ्या तरुणाने खरेदीचा क्रम ठरवून घ्यावा. पहिल्यांदा रिंग पान्यांचा पूर्ण सेट. त्यानंतर रॅचेटसह गोट्यांचा सेट, आणि १०, १२, १३, १४, १७ या रोज लागणाऱ्या मापांच्या गोट्या शक्यतो बारा कोनांच्या न घेता सहा कोनांच्या घ्याव्यात, कारण झिजलेल्या नटाला सहा कोनांची गोटी जास्त चांगली धरते. तिसरा, साध्या फिक्स पान्यांचा चांगला सेट. चौथा, ब्रेक पाईपचा पाना. इंजिनचे काम करायचे असेल तर त्यानंतर टॉर्क पाना, कारण हेडचे बोल्ट अंदाजाने आवळण्याचे दिवस गेले. एवढे सर्व झाल्यावर हातात पैसे उरले आणि वर सांगितलेल्या जातीचे काम येत असेल, तरच एखादा दातेरी पाना. हा क्रम उलटा करणारा महागडा पाना हातात घेऊन गोटीसाठी शेजारच्या दुकानात उसनवारी करत फिरतो, हे चित्र नवे नाही.

खरेदी करताना

पुण्यात हत्यारे घ्यायची तर रविवार पेठेतली बोहरी आळी सर्वांना माहीत आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या हार्डवेअरचा व्यापार करणारी दुकाने आहेत आणि माल पारखून घेऊ देणारे दुकानदारही आहेत. जाताना खिशात १३ आणि १७ चे दोन कोरे बोल्ट न्यावेत. पाना त्यावर बसवून हलवून पाहावा. सहज बसला पाहिजे, पण लटपटता कामा नये. फिक्स पान्यावर आय.एस. २०२८ आणि रिंग पान्यावर आय.एस. २०२९ हा भारतीय मानकाचा क्रमांक आहे का ते पाहावे. नाशिकला कारखाना असलेल्या तापडियासारख्या नावाजलेल्या देशी कंपन्यांचे पाने रोजच्या कामाला पुरेसे आहेत, मात्र नामांकित छापाचा बनावट मालही बाजारात फिरतो. म्हणून नेहमीच्या दुकानातून, पक्क्या बिलाने घ्यावे.

दातेरी पाना घ्यायचाच झाला तर तोंड उजेडात धरून पाहावे. दोन्ही जबड्यांचे दाते सारख्या खोलीचे आणि स्वच्छ हवेत, त्यांवर बर राहिलेली नसावी, क्रोमचा पापुद्रा सुटलेला नसावा. जबडा साध्या पान्याइतकाच पातळ दिसला तर तो परत ठेवावा. वापरताना दात्यांत ग्रीस आणि माती बसते ती रॉकेलने धुऊन काढावी, नाहीतर दाते असून नसल्यासारखेच. आणि पान्याच्या मागे पाईप घालून कधीही ओढू नये. जिथे पाईप लागतो तिथे रिंग किंवा गोटीच हवी.

ज्यांची पुंजी फारच थोडी आहे त्यांनी मंगळवार पेठेतील जुन्या बाजारातही पाहावे. कारखान्यांतून निघालेले जुने, उत्तम पोलादाचे पाने तिथे कधी कधी मिळतात. तिथेही खिशातला कोरा बोल्ट हाच खरा पंच. तोंड फाकलेला पाना फुकट मिळाला तरी घेऊ नये, कारण तो जेवढे नट खराब करील त्याची किंमत आपल्यालाच मोजावी लागते.

उस्तादांनाही एक विनंती आहे. गॅरेजमध्ये शिकणाऱ्या मुलाच्या हाती झिजलेले पाने देऊन नट गोल झाल्यावर त्याच्यावर ओरडण्यात अर्थ नाही. वर्षातून एकदा पेटी उलटी करून प्रत्येक पाना कोऱ्या बोल्टवर तपासावा आणि ढिला झालेला भंगारात टाकावा. नट गोल का होतो हे त्या मुलाला एकदा बसवून समजावून सांगावे. औंधच्या आय.टी.आय.मध्ये जाण्याची ज्याला संधी मिळाली नाही, त्याची आय.टी.आय. आपले दुकानच आहे.

सारांश, दातेरी पाना हे अडचणीच्या वेळेचे औषध आहे, रोजचे जेवण नव्हे. औषध घरात थोडे असावे, चांगले असावे आणि गरजेलाच वापरावे. धंद्यात बरकत येते ती नेमक्या मापाच्या पान्याने, स्वच्छ हिशेबाने आणि ग्राहकाची गाडी जशी आली त्याहून चांगली करून परत देण्याने. पैसे आधी तिथे घालावेत, दाते नंतर.